क्रँक सेन्सर: सुटा, पॅकबंद की भंगारातला? मे महिन्याच्या उन्हातलं परीक्षण

गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. बीडहून निघा, गेवराई ओलांडा, शहागडच्या पुलापर्यंत काही तक्रार नाही. पुढे टोलच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहिली की आरपीएमचा काटा झपकन शून्यावर येतो आणि इंजिन बंद. धक्का नाही, धूर नाही, कसला आवाज नाही. कुणी किल्ली फिरवून काढून घ्यावी तशी गाडी गप्प होते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास लिंबाखाली थांबलं, चहा झाला, की पुन्हा पहिल्यासारखी. बीएस-३, बीएस-४ जमान्यातल्या कॉमन रेल डिझेल जीपगाड्यांत आणि जुन्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांतही हे लक्षण दिसलं की पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरतोय का ते ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) कळवणाऱ्या सेन्सरवर, घ्यायचा.

बाजारात हा सेन्सर तीन रूपांत मिळतो. पहिला पॅकबंद, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला किंवा गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या बॉशसारख्या नामांकित उत्पादकाच्या खोक्यातला. दुसरा सुटा, प्लास्टिकच्या पुडीतला, ज्याला दुकानदार ‘लोकल’ म्हणतो. तिसरा भंगारातल्या गाडीचा काढलेला. भाव गावागणिक बदलतो, पण साधारण सुटा ३००-४०० रुपयांत येतो, पॅकबंद त्याच्या तिप्पट-चौपट जातो आणि भंगारातला घासाघीस करून शे-दीडशेला पडतो. काउंटरवर प्रश्न ठरलेला असतो: “मामा, लोकल देऊ का ओरिजनल?” आणि मागच्या भिंतीवर पाटीही ठरलेली असते: इलेक्ट्रिकल सामान परत घेतले जाणार नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. या कामात सगळ्यात स्वस्त गोष्ट सेन्सर आहे आणि सगळ्यात महाग गोष्ट त्याच्या बोल्टपर्यंत हात पोचवणं. म्हणून सेन्सरमध्ये पैसे वाचवू नयेत. सुटा सेन्सर थंड गाडीत हमखास चालतो, त्यामुळे दुकानातून निघताना आणि गावातल्या चकरेत तो ओरिजनलच वाटतो. त्याची परीक्षा होते इंजिन तापल्यावर, आणि तोवर तुम्ही सगळं खोलून, बसवून, हात धुऊन मोकळे झालेले असता.

तापल्यावरच का मरतो ते कळलं तर खरेदी सोपी होते. दोन पिनांचा सेन्सर म्हणजे आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. समोरून फ्लायव्हीलवरच्या किंवा क्रँकवरच्या चक्राचे दात जातात, प्रत्येक दाताला गुंडाळीत एक बारीक विजेची लाट उठते. बऱ्याच गाड्यांत हे चक्र ‘साठ वजा दोन’चं असतं: ६० दातांची जागा, त्यातले २ मुद्दाम गाळलेले. म्हणजे ५८ दात, दर दात ६ अंशांचा, आणि गाळलेल्या दोन दातांच्या खिंडीवरून ईसीयूला क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. या हिशोबात एक गंमत आहे. ६० दात आणि मिनिटाचे ६० सेकंद एकमेकांना कापतात, त्यामुळे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण ८०० लाटा, सेल्फवर २५० आरपीएमला २५०. या लाटा थांबल्या की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो डिझेल तरी कशाला सोडेल?

गुंडाळीचं टोक जिथे पिनेला झाळलेलं असतं तिथे गोम असते. तापलं की प्लास्टिक फुगतं, तार ताणली जाते, टाका सुटतो. थंड झालं की टाका पुन्हा टेकतो. पॅकबंद सेन्सरमध्ये गुंडाळीभोवतीचं भरण चांगल्या प्रतीचं असतं, बऱ्याच सुट्यांत ते नुसतं टेकवलेलं असतं. फरक एवढाच, पण परभणी-नांदेडच्या मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर असते आणि बॉनेटखाली उभ्या गाडीचा पंखा गरमच हवा फिरवतो. तिथे हा एवढासा फरक गाडी बंद पाडतो.

घरी तपासायला एक मल्टिमीटर पुरतो. या प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण ८००-९०० ओहमच्या घरात असतो, बॉशच्या बऱ्याच सेन्सरांत ८६० च्या आसपास. पुस्तकातला नेमका आकडा गाडीप्रमाणे बघावा. इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. पुस्तकातला ८६० हा २० अंशांचा आकडा. मे महिन्याच्या दुपारी सावलीत ४० अंश असताना तोच निरोगी सेन्सर ९२५-९३० दाखवणार, आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना ८३०-८३५. दुपारी मीटर लावून “रीडिंग जास्त येतंय, सेन्सर गेला” म्हणणाऱ्यानं आधी थर्मामीटर बघावा.

खरी कसोटी गरम पाण्याची. स्टीलच्या पेल्यात उकळून उतरवलेलं पाणी घ्या. सेन्सरचं नाक तेवढं पाण्यात राहील असा तो धरा, कपलरची (वायर जोडायच्या सॉकेटची) बाजू पूर्ण कोरडी ठेवा. मीटरच्या पिना क्रोकोडाइल क्लिपने अडकवा, हातानं धरल्या तर हलतात आणि आकडा नाचतो. पाच मिनिटांत आकडा हळूहळू चढत जाईल. ८६० वाला ९५ अंशांच्या आसपास ११०० च्या जवळ जायला हवा. चढताना मधेच उडी मारली, किंवा ‘ओएल’ (म्हणजे जोड तुटलेला) दाखवून परत आला, तर सेन्सर गेलेला आहे. आकडा स्थिर झाल्यावर सेन्सरच्या पाठीवर पेन्सिलीनं दोन टिचक्या मारा. टिचकीला आकडा हलला तरी तोच निकाल. ही कसोटी जुन्या सेन्सरवर करा आणि नव्यावर बसवण्याआधी करा. नव्यावर तर नक्कीच, कारण भिंतीवरची पाटी आठवते ना.

तीन पिना असतील तर मात्र थांबा. तो बहुधा हॉल सेन्सर (बाहेरून वीज घेऊन चालणारा, आत सर्किट असलेला) असतो, पण कधी कधी दोन पिनांच्याच सेन्सरला तिसरी पिन शील्डची (वायरभोवतीच्या जाळीची) असते. ओळखायची रीत: कपलर काढा, किल्ली ऑन करा आणि वायरिंगच्या बाजूला व्होल्ट मोजा. पक्के ५ किंवा १२ व्होल्ट मिळाले, तर हॉल. त्याच्यावर ओहमचं मीटर लावण्यात अर्थ नाही, आतल्या सर्किटचा काहीबाही आकडा येईल. तिथे पुरवठा, अर्थ आणि सिग्नल एवढंच बघायचं.

सेन्सर बदलायच्या आधी तो दोषी आहे याची खात्री करून घेणं हे निम्म्याहून जास्त काम आहे. स्वस्तातला ईएलएम-३२७ ब्लूटूथ डोंगल (गाडीतले दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारा) या कामाला चालतो, फार अपेक्षा न ठेवता. २०१३ च्या एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष नोंदवायची पद्धत) आलं, त्यानंतरच्या गाड्यांशी तो बहुतेक वेळा बोलतो. त्याआधीच्या गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट असूनही तो कधी कधी मुका राहतो. अशा वेळी डोंगलला दोष देऊ नये, गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवर एकदा बघून घ्यावं. कोड पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३३६ आला तर सिग्नल येतोय पण वेडावाकडा. पी०३४० कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या सेन्सरचा) आहे. तो बघून क्रँक सेन्सर बदलणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा जास्त खरं बोलतो. गाडी गरम होऊन बंद पडली की लगेच सेल्फ मारत आरपीएमचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा २००-२५० दाखवतोय आणि तरी गाडी पेटत नाही, तर सेन्सरला सोडा आणि डिझेलकडे वळा. रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) सेल्फवर साधारण २०० बारच्या आसपास चढत नसेल तर फिल्टर, हवा धरणं किंवा इंजेक्टरची परतगळती यांतलं काहीतरी आहे. गरम झाल्यावर न पेटण्याचं लक्षण दोघांचं सारखंच असतं. या एका आकड्यानं ते वेगळं होतं.

स्कॅनर नसेल तर ओलं फडकं. गाडी बंद पडली की सेन्सरवर थंड पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं दाबून धरा, जमलं तर. अर्ध्या तासाऐवजी तीन मिनिटांत चालू झाली, तर चोर सापडला. पाणी नुसतं ओतू नका, शेजारीच सायलेन्सरचा पाइप आणि सेल्फ मोटर असते.

आणि वायर. काळ्या मातीच्या रानात फिरणाऱ्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे. पावसाळ्यात उसाच्या फडात, कपाशीच्या बांधावर गाडी गेली की खालून चिखलाचे गोळे चिकटतात. तेच उन्हात वाळून दगड होतात. हार्नेसला (वायरांच्या जुडग्याला) अर्धा-अर्धा किलोचं ओझं लटकतं आणि कपलरच्या मुळाशी वायर ताणली जाते. बाहेरचं आवरण साबूत आणि आत तार तुटलेली. वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुतलं की कपलरमध्ये पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. शिवाय घराच्या पडवीत सरकीच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की उंदीर आलेच. म्हणून गाडी न्यूट्रलला चालू ठेवून वायर हळूच हलवून बघा, इंजिन अडखळलं तर सेन्सरचा खर्च वाचला. कपलरची मादी पिन ढिली झाली असेल तर बारीक सुईनं आतली पाती किंचित आवळायची आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. बरेचदा इथेच काम संपतं.

आता खरेदी. पॅकबंद घेताना खोक्यावर विसंबू नका, खोकं छापणं सोपं आहे. जुना सेन्सर काढून सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. अंगावर कोरलेला पार्ट नंबर जुळतो का ते बघा. मग व्हर्नियर मागा, नसेल तर स्टीलची पट्टी. कानाच्या (बोल्ट जातो त्या पट्टीच्या) बुडापासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. सेन्सरचं नाक आणि दात यांत साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरच अंतर असतं. नाक अर्धा मिलिमीटर आखूड निघालं तरी सिग्नल अशक्त होतो, आणि त्याचा त्रास पहिल्यांदा सेल्फवर होतो, कारण त्या वेळी इंजिन सगळ्यात हळू फिरत असतं. मग सकाळी लांब सेल्फ, बॅटरीवर संशय, नवी बॅटरी. नाक लांब निघालं तर दात त्याला खरडून काढतात.

दुसरं, कान बघा. जिथून बोल्ट जातो त्या भोकात धातूची बुश असते. बऱ्याच सुट्या सेन्सरांत ती गाळलेली असते, नुसतं प्लास्टिक. बोल्ट आवळला की प्लास्टिक चेपतं, काही महिन्यांत ढिलं पडतं किंवा कान तडकतो, आणि सेन्सर भोकात डुलायला लागतो. दुकानात उभ्या उभ्या तपासण्यासारखी ही सगळ्यात सोपी खूण आहे.

तिसरं, मीटर सोबत असेल तर तो एसी मिलिव्होल्टवर लावून सेन्सरच्या नाकासमोरून पाना झटक्यात फिरवा. आकडा उसळला तर गुंडाळी आणि चुंबक जिवंत आहेत. दुकानदार हसेल, हसू द्या.

काही ठिकाणी ‘युनिव्हर्सल’ म्हणून नुसती वायर लोंबणारा सेन्सर देतात, कपलर जुना कापून जोडायचा. हा घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर लाट उलटी होते आणि ईसीयूला दाताची कड चुकीच्या जागी दिसते. गाडी चालू होईल, पण पिकअप मेलेला, काटा नाचणारा, आणि दोष शोधणाऱ्याला आठवडा पुरणार नाही. नाइलाजानं जोडायचाच झाला तर झाळणी करा, पिळून टेप गुंडाळू नका. भोवतीचं जाळीचं शील्ड एकाच टोकाला अर्थ होतं, ते बॉडीला टेकणार नाही असं झाका.

भंगारातल्याबद्दल थोडक्यात: कंपनीचाच असतो, माप बरोबर असतं, पण वय तुमच्या सेन्सरएवढंच असतं. गरम पाण्याच्या कसोटीत पास झाला तर डिकीत जादा म्हणून ठेवायला हरकत नाही. कन्नडच्या घाटात अडकलात तर तोच चाळीसगावपर्यंत पोचवील.

बसवणं. बऱ्याच डिझेल जीपगाड्यांत सेन्सर इंजिनच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सला लागून असलेल्या बेल हाउसिंगवर असतो. वरून पाहिलं तर फायरवॉल आड येते, खालून पाहिलं तर सायलेन्सरचा पाइप. आडव्या इंजिनच्या काही छोट्या गाड्यांत तो क्रँक पुलीजवळ असतो, तिथे चाक उतरवून आतलं प्लास्टिकचं पान काढलं की वाट मिळते. आपल्या गाडीत तो कुठे आहे ते आधी नक्की करा. मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा मिळतो, या कामात त्याच्याइतकं उपयोगी हत्यार नाही. त्याच्या चित्राचा दर्जा सुमार असतो, पण बोल्टचं डोकं षटकोनी आहे की आत एलन कीचं भोक आहे एवढं कळलं तरी दोन तास वाचतात.

बहुतेक ठिकाणी एकच एम-६ बोल्ट असतो, १० नंबरच्या गोटीचा (सॉकेटचा). इथे अर्धा इंची रॅचेट आणू नका. त्या दांड्याला हाताचा अंदाज राहत नाही आणि गंजलेला एम-६ मुळाशी तुटतो. पाव इंची रॅचेट, दीडेक फूट भरेल एवढी एक्स्टेंशनची जोडणी आणि टोकाला गोटीच्या आधी युनिव्हर्सल जॉइंट. मोकळा जॉइंट लुळा पडतो, गोटी बोल्टवर बसतच नाही, म्हणून त्याच्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. मग तो वळतो पण मान टाकत नाही.

गाडी पूर्ण थंड हवी. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दगड. खालून काम करायचं असेल तर कोब्यावर किंवा फरशीवरच, आणि जॅकवर विसंबून आत शिरायचं नाही, घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावायची. विटांचा थर म्हणजे घोडी नव्हे, वीट भार आला की सांगून फुटत नाही. अंगणात नुसती माती असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड फळी ठेवा, काळ्या मातीत जॅक बघता बघता बुडतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ही औपचारिकता नाही: सेल्फ मोटरची जाड वायर सेन्सरच्या शेजारूनच जाते, तिला थेट बॅटरीचा करंट असतो आणि लांब एक्स्टेंशनचं टोक तिला एकदा तरी लागतंच.

वरून जायचं असेल तर एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा पाइप सोडवा आणि टर्बोच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. एक वॉशर आत पडला तर या कामाचा खर्च शंभर पट होईल. कपलर आधी काढा. त्याची लॉक-क्लिप जुनी झालेली असते, वाकवली की मोडते. आधी कपलर आत ढकलायचा, मग क्लिप दाबायची, मग ओढायचा. वायर धरून ओढायचं नाही.

बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सोडताना आधी किंचित आवळल्यासारखं करा, कट्ट आवाज आला की मग सोडा. गोटीत कागदाचा बारीक बोळा दाबून घेतला की बोल्ट गोटीतच अडकून बाहेर येतो, अंधारात घरंगळत नाही. चुंबकाची काडी जवळ ठेवाच.

बोल्ट निघाला म्हणजे सेन्सर निघाला असं नसतं. ओ-रिंग (सेन्सरवरचं रबरी कडं) फुगलेली असते, भोकाभोवती ॲल्युमिनियमची पांढरी पूड धरलेली असते. इथे घाई करणारे पकडीनं कान धरून ओढतात, कान हातात येतो आणि नाक आत. ओढायचं नाही, फिरवायचं. कानाला धरून डावीकडे-उजवीकडे दोन-दोन अंश, तेल, पुन्हा दोन अंश. अर्धा तास लागला तरी चालेल. तुटलाच, तर उरलेल्या प्लास्टिकमध्ये जाड आट्यांचा स्क्रू अलगद चढवा आणि स्क्रू पकडीनं धरून फिरवत बाहेर घ्या. आत ढकलून मोकळं होण्याचा मोह आवरा. तो तुकडा फ्लायव्हीलमध्ये गेला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

बाहेर आलेल्या जुन्या सेन्सरचं नाक नीट बघा. चुंबकावर काळी, केसाळ दाढी आलेली असते. ती लोखंडाची पूड आहे, क्लच आणि सेल्फच्या दातांची झीज. दाढी मोठी असेल आणि मीटरवर, पाण्यात सेन्सर ठणठणीत असेल, तर पुसून तोच परत बसवून बघायला हरकत नाही. कोड पी०३३६ असेल तेव्हा तर आधी हेच करावं. नाकावर गोल खरचटल्याच्या रेघा असतील तर मात्र सावध: चक्र डगमगतंय किंवा आधीचा सेन्सर लांब नाकाचा होता. नवा घालूनही तो खरडला जाणार.

भोक फडक्यानं पुसा, बसायची जागा पांढऱ्या पुडीपासून साफ करा, पण कानस लावू नका. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. ग्रीस फासू नका, सिलिकॉन तर अजिबात नको. खाली जादा वॉशर, कागद, पॅकिंग काहीही नको, कारण कानाखाली आलेला प्रत्येक मिलिमीटर नाकासमोरच्या अंतरात मिळतो. सेन्सर बोटानं दाबून पूर्ण बसला पाहिजे. बोल्टनं ओढून बसवायला गेलात की कान वाकडा होतो. बोल्ट पहिले चार-पाच आटे हातानंच चढवा. शेवटची आवळणी ८ ते १० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर पाव इंची रॅचेट मुठीत न धरता दोन बोटांत धरून जेवढा आवळेल तेवढा पुरे.

सेल्फ मारण्याआधी गाडी खाली घ्या, टॉप गिअर टाका आणि दोघांनी पाच-सात फूट ढकला. आतून खरडल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा, सेन्सरचं नाक लांब आहे. सेल्फनं तपासायला गेलात तर पहिल्याच फेरीत दात त्याचं टोक उडवतील. आवाज नाही आला तर कपलर लावा. क्लिपचा टक्क आवाज ऐकू यायला हवा, आणि नंतर कपलर एकदा उलटा ओढून बघायचा. वायर मूळ वाटेनंच न्या, सायलेन्सरपासून लांब. कंपनीची क्लिप तुटली असेल तर प्लास्टिकची टाय लावा, पण तिला थोडी सैल ठेवा, इंजिन हलतं. मग टर्बोच्या तोंडातलं फडकं काढा. हे वाक्य वाचायला वेडगळ वाटतं, तरी लिहिलं.

बॅटरी जोडा, कोड पुसा. काही गाड्यांत, विशेषतः ईसीयू बदललेल्या किंवा नव्या धाटणीच्या, चक्राचे दात ईसीयूला पुन्हा शिकवावे लागतात. ते काम डोंगलचं नाही, कंपनीच्या स्कॅनरचं. बहुतेक जुन्या जीपगाड्यांत याची गरज पडत नाही.

गुण द्यायचे तर पॅकबंदला दहापैकी नऊ. एक गुण यासाठी कापला की बऱ्याच खोक्यांत ओ-रिंग सुटी मिळत नाही आणि पुढे तीच खराब झाली तर बाहेर त्या मापाची शोधत फिरावं लागतं. सुट्याला चार, तेही बुश असलेल्या आणि पाण्याच्या कसोटीत टिकलेल्याला. बाकीच्यांना द्यायला गुण नाहीत. भंगारातल्याला पाच. डोंगलला सहा, कॅमेऱ्याला आठ, टेप गुंडाळलेल्या युनिव्हर्सल जॉइंटला दहा.

बसवल्यावर गावात एक चक्कर मारून काम संपवू नका. दुपारी एक-दोनच्या उन्हात गाडी वीसेक किलोमीटर हाणा, मग एसी लावून न्यूट्रलला वीस मिनिटं उभी करा. मुद्दाम बंद करा आणि लगेच चालू करा, असं पाच वेळा. पाचही वेळा एका सेल्फमध्ये पेटली तर ठीक. एकदा जरी अडखळली तर नव्या सेन्सरला शिव्या देण्याआधी कपलरपासून ईसीयूपर्यंत दोन्ही वायरी ओहमवर मोजा, प्रत्येकी जवळजवळ शून्य यायला हव्यात, आणि त्या दोन्हींमध्ये एकमेकींशी किंवा बॉडीशी काहीही जोड दिसायला नको. मोजताना ईसीयूचा कपलर काढलेला असू द्या, नाहीतर मीटर ईसीयूच्या आतलाच आकडा दाखवत बसेल.